उघड्या तळव्यावरची मुळी

घाटाला गाडीवाट नव्हती, माणसं डोंगर चढून-उतरूनच सासर-माहेर करत, त्या काळातली ही गोष्ट. कातळमाळ वाडीत म्हाळसा नावाची वैदीण होती. ती नुसती अंगणात आली तरी घरातला ताप उंबऱ्यापर्यंत सरकायचा, असं म्हणतात.

तेव्हाची रीत अशी, की वैदीण ओट्यावर बसायची आणि घरातली मोठी माणसं तिच्याशी बोलायची. आजारी माणूस आत पडलेलं असायचं. त्याला कुणी काही विचारत नसे, सांगतही नसे. औषध पेजेत कालवून द्यायचं, म्हणजे ते खळखळ करत नाही. म्हाळसाही तसंच करायची.

त्या वाडीत सगुणा नावाची सून होती. पहिलटकरीण, पोर अंगावर पिणारं. बाळंतपणानंतर तिला ताप भरला तो उतरेना. सासू ठकूबाईनं म्हाळसाला बोलावलं. ओट्यावर दोघींचं हळू बोलणं झालं. आत सगुणाला एवढंच ऐकू आलं, "तिला नको सांगू. कळलं तर ती घ्यायची नाही."

मग पेज आली. एक घोट घेऊन सगुणानं तोंड वाकडं केलं.

"आत्याबाई, पेज कडू का लागते?"

"तांदूळ जुना आहे, बाई."

"जुना कसा? या सालचा आहे. मीच कांडलाय."

"मग तुझ्याच तोंडाला चव नाही. गिळ गुमान."

सगुणानं वाटी भिंतीकडे सरकवली. माझ्या अंगात काय चाललंय ते ओट्यावर सगळ्यांना ठाऊक आणि मलाच नाही, हे तिच्या मनातून जाईना. त्यानंतर घरातल्या कुणाच्या हातचं तिनं काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा भिंतीला धरत धरत जाऊन स्वतः घ्यायची. ताप होताच, त्यात उपास आला.

ठकूबाई घाबरली. म्हाळसाला म्हणाली, "तूच मार काहीतरी थाप. तुझं ऐकेल."

म्हाळसा पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. सगुणानं विचारलं, "मावशी, त्या पेजेत काय होतं?"

आजवर म्हाळसाला असं कुणी विचारलंच नव्हतं. तिच्याच्यानं खोटं बोलवेना.

"मुळी होती. तिनं ताप उतरतो. पण अंगावरचं दूध आटतं, बहुतेक कायमचं."

सगुणानं पोर जवळ ओढलं. "आणि नाही घेतली तर?"

"तर ताप तुला नेईल असं वाटतं. कदाचित नाही नेणार. खात्रीनं मला सांगता यायचं नाही."

"झालं!" ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "आता घेतेय ही औषध! अगं, तू वैदीण आहेस का वैरीण?"

म्हाळसानं मुळी सगुणाच्या तळव्यावर ठेवली. "अंग तुझं आहे. मूठ मिटलीस तर उगाळू. नाही मिटलीस तर परत नेईन, रागवायची नाही."

"थोडं थांबलं तर चालेल?"

"चालेल, पण फार नाही."

"मग आधी पोर शेळीच्या दुधाला लागू दे. ते प्यायलं की मी घेते." असं म्हणून सगुणानं मूठ मिटली.

शेळी आणली. ठकूबाई स्वतः दुधाचा बोळा घेऊन बसली. पोर थुंकायचं, रडायचं, मान आईकडे वळवायचं. ताप चढत होता. म्हाळसा मधूनमधून विचारायची, "अजून तसंच म्हणतेस?"

"तसंच."

शेवटी पोरानं बोळा चोखला. सगुणानं मूठ उघडली, तर वाळक्या मुळीला हिरवा कोंब फुटला होता, असं म्हणतात. म्हाळसानं कोंब मोडून अंगणात लावला. उरलेली मुळी सगुणानं स्वतःच्या हातानं सहाणेवर उगाळून चाटली. ताप गेला. दूधही गेलं, ते परत आलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढलं. सगुणाला त्याचं वाईट वाटायचं, पण म्हाळसाला तिनं कधी बोल लावला नाही.

म्हाळसा पुन्हा कुणाच्या ओट्यावर बसली नाही. आत जायची, सगळं सांगायची, मुळी तळव्यावर ठेवायची. मूठ मिटली नाही तर मुळी कनवटीला लावायची आणि तिथंच उशाशी बसून राहायची.

पुढं ती थकली, अंथरुणाला खिळली. सगुणाला तेव्हा सुना आल्या होत्या. तिनं म्हाळसाच्या तळव्यावर मुळी ठेवली, सगळं सांगितलं. तळवा उघडाच राहिला. शेजारी पेजेची वाटी होती. मुळी कालवली असती तर कुणाला कळलंही नसतं. सगुणा वाटीकडे बघत राहिली. मग तिनं मुळी उचलून पदरात बांधली आणि नुसती पेज पुढं केली.

"कडू नाही ना?" म्हाळसा हसली.

"या सालचा तांदूळ आहे, मावशी."

म्हाळसा गेली त्या दिवशी सगुणाच्या अंगणात त्या कोंबाचं जे झुडूप झालं होतं, त्यानं भरदुपारी पानं मिटून घेतली, असं म्हणतात.

कातळमाळात अजूनही कुणी कुणाच्या तोंडात औषध घालत नाही. दवाखान्यातली गोळी असली तरी आधी तळव्यावर ठेवतात, कशाची आहे, तिनं काय होईल ते सांगतात, आणि मूठ मिटायची वाट बघतात. तान्हं आजारी पडलं तर आई औषधाची वाटी त्याच्या तळव्याला टेकवते आणि कानात सांगते, कडू आहे रे बाळा. तान्ह्याची मूठ काय, आपसूकच मिटते. तरी सांगितल्याशिवाय तिथं कुणी चमचा पुढं करत नाही.