पाखंगबाच्या कड्याची कहाणी

ऐका पाखंगबा नागदेवा, तुमची कहाणी. आटपाट तळं होतं. तळ्यात गवताचं तरंगतं बेट होतं, बेटावर चाओबा कोळ्याची झोपडी होती. चाओबा कष्टाचा, पण तोंडाचा कडू. बायको थंबाल रांधी, हा नावं ठेवी.

एके दिवशी थंबालच्या जाळ्यात बोटाएवढा साप आला. डोक्यावर हरणाची शिंगं! तिनं हात जोडले. साप म्हणाला, "बाई, मी पाखंगबा. पहिला घास मला घालावा, ताटावर कुरकुरू नये, हा माझा वसा. गोड बोलाल तर आटेन, कुरकुराल तर फुगेन."

"मी करीन, देवा. पण आमच्या ह्यांचं काय?"

"ते तुझं तू बघ," म्हणाला, नि चुलीपाशी वेटोळं घालून बसला.

मग थंबालनं पहिला घास देवाला घातला, नि ताट नवऱ्याला वाढलं.

"भात गिच्च झालाय." साप हाताएवढा झाला.

"चटणी तिखटजाळ." साप होडीएवढा झाला. बेट कललं.

"अहो, गप्प बसा! देव आहे तो!"

"असला तर असला. मासा कच्चा तो कच्चाच!"

मग साप सात वेटोळ्यांचा, झोपडीभर झाला. बेट दबलं, पाणी आत आलं, चूल विझली, मडकी तरंगू लागली.

"घर बुडालं! जन्मात एक तरी बरा शब्द बोला!"

चाओबानं डोकं खाजवलं. "मासा... अगदीच वाईट नव्हता." साप वीतभर आटला. "भात कुत्र्यानंसुद्धा खाल्ला असता." साप हातभर फुगला.

"नीट बोला हो! पाणी कमरेला लागलं!"

मग चाओबा खाली बघत पुटपुटला, "बाजारात लोक जेवायला बोलावतात. मी जात नाही. उपाशी वल्हवत घरी येतो. तुझ्याच हातचं लागतं मला."

थंबाल बघतच राहिली. "मग इतकी वर्षं नावं का ठेवलीत?"

"नावं ठेवली की तू चिडून आणखी वाढायचीस."

थंबाल खो खो हसली. साप आटला, आटला, आटला. शेपूट तोंडात धरून तिच्या मनगटावर बसला, सोन्याचं कडं झाला. बेट टुणकन वर आलं. पाणी ओसरलं, मासे राहिले, घरभर उड्या मारू लागले.

चाओबा म्हणाला, "आता एवढे मासे साफ कोण..."

कड्याला इवली शिंगं फुटली.

"मीच करतो की!" चाओबा म्हणाला.

जसा थंबालला पाखंगबा प्रसन्न झाला, तसा तुम्हां आम्हां होवो. कुरकुरू नये, चुरचुरू नये, चांगलं म्हणायला लाजू नये. ही सात वेटोळ्यांची कहाणी एका कड्यात सुफळ संपूर्ण.