झिपरूच्या सायकलची घंटी

एक होता नाकतोडा. अगदी एवढासा! त्याचं नाव झिपरू.

झिपरूचं कॉलेज संपलं. तसं फार मोठं नव्हतं कॉलेज. गवताच्या तीन पात्यांचं. पण संपलं खरं!

झिपरू म्हणाला, "आई, आता मी सायकलवर निघणार. घाट उतरणार. थेट समुद्र बघणार!"

सायकल केली शर्टाच्या दोन बटणांची. पिशवीत भरली एक लाही. एक तीळ. आणि पांघरायला कापसाचा पुंजका.

आई म्हणाली, "घंटी वाजते ना रे? घाटात वळणं असतात. घंटी नाही, तर जाणं नाही!"

झिपरूने घंटी घासली. पुसली. वाजवली. टिंग टिंग! टिंग टिंग! इतकी वाजवली, इतकी वाजवली, की घंटी निखळली. घरंगळ घरंगळ निघाली. आणि तिच्यावर म्हैस बसली. धप्प!

झिपरू गेला टुणुक टुणुक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
घंटी मिळेना,
मी समुद्र बघू कसा?
ऊठ की गं!"

"अंहं! कानात गोचीड चावतेय. बगळा गोचीड काढेल, तर मी उठेन."

झिपरू गेला टुणुक टुणुक. बगळा शेतात उभा. झिपरू जरा लांबच थांबला.

"बगळेबुवा, बगळेबुवा,
म्हैस उठेना,
घंटी मिळेना,
मी समुद्र बघू कसा?
गोचीड काढा की हो!"

"अंहं! पाय चिखलात रुतलेत. पाट वाहील, तर पाय निघतील."

झिपरू गेला टुणुक टुणुक.

"पाटदादा, पाटदादा,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस उठेना,
घंटी मिळेना,
मी समुद्र बघू कसा?
वाहा की रे!"

"अंहं! मी कोरडा ठणठणीत. पंप चालेल, तर मी वाहीन."

झिपरू गेला टुणुक टुणुक.

"पंपदादा, पंपदादा,
पाट वाहेना,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस उठेना,
घंटी मिळेना,
मी समुद्र बघू कसा?
चाल की रे!"

"अंहं! लाइट गेलीय. वायरमन खांबावर चढेल, तर मी चालेन."

झिपरू गेला टुणुक टुणुक. वायरमनकाका खांबाखाली बसलेले. जांभया देत होते.

"वायरमनकाका, वायरमनकाका,
पंप चालेना,
पाट वाहेना,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस उठेना,
घंटी मिळेना,
मी समुद्र बघू कसा?
चढा की हो!"

"अंहं! चहा नाही, तर चढणं नाही. आक्का चहा देईल, तर मी चढेन."

शेजारीच आक्काची चहाची टपरी. झिपरू गेला टुणुक टुणुक.

"आक्का, आक्का,
वायरमन चढेना,
पंप चालेना,
पाट वाहेना,
बगळा गोचीड काढेना,
म्हैस उठेना,
घंटी मिळेना,
मी समुद्र बघू कसा?
चहा कर की गं!"

"करते की रे बाळा! पण दूध कुठाय? म्हैस उठेल, तर दूध मिळेल."

"म्हैस?"

"म्हैस!"

"तीच म्हैस?"

"मग दुसरी कुठाय?"

झिपरूचं डोकं गरगर गरगर! म्हैस उठेना, म्हणून चहा होईना. चहा होईना, म्हणून म्हैस उठेना! झिपरू उताणा पडला. सहाही पाय वर. आणि हसतच सुटला. खी खी खी! आक्का हसली. काका हसले. पोटं धरून हसले.

हसता हसता झिपरू उठून बसला.

"आक्का, मग कोरा चहा कर! गवती चहा घालून!"

"आणि गवती चहा कोण आणील?"

"गवतातलं मला सांग!"

झिपरू गेला टुणुक टुणुक. पातं तोडलं कचक कचक. ओढत आणलं फरफर फरफर.

मग काय!

चहा उकळला खळखळ.
काका प्याले भुर्र भुर्र.
काका चढले सरसर. लाइट आली लख्ख!
पंप चालला धडधड.
पाट वाहिला झुळझुळ.
बगळ्याचे पाय निघाले पचक पचक.
बगळ्याने गोचीड काढली टच्च!
म्हैस उठली. "हाऽऽश्श!"

आणि खाली काय? घंटी!

पण जराशी चपटी. आता ती टिंग वाजेना. वाजली टुंग!

"आई, चालेल?"

आईने कान दिला. "वाजव बरं परत."

टुंग!

"चालेल! ही तर आणखी लांब ऐकू येईल."

आईने हातावर दही दिलं. झिपरू सायकलवर बसला.

"जातो गं आई!"

"जातो म्हणू नये रे. येतो म्हण."

"येतो गं आई!"

पहिल्या वळणावर, टुंग टुंग! दुसऱ्या वळणावर, टुंग टुंग! आई ऐकत राहिली. आणि मग खूप खाली, निळ्या निळ्या पाण्यापाशी... टुंग!

झिपरू पोचला समुद्रापाशी,
गोष्ट थांबली तुमच्यापाशी.