चपला घालून मळ्यात

एकदा एका पानमळ्याच्या मालकाला शेजाऱ्याचा पंप बघवेनासा झाला. तवनाप्पा त्याचे नाव. त्या वर्षी गावात मर रोग आला आणि कित्येकांच्या पानवेली मुळापासून सुकून गेल्या. तवनाप्पाचा मळा मात्र वाचला. त्याने खरे तर आनंद मानायचा. पण सरकारने बुडालेल्या मळ्यांना अनुदान जाहीर केले आणि शेजारच्या बाबगोंडाच्या रानात नवा कोरा पंप, ठिबकच्या नळ्या आणि सावलीची जाळी येऊन पडली. तेव्हापासून तवनाप्पाला भाकरी गोड लागेना. स्वतःची तळहाताएवढी पाने खुडतानाही त्याचा डोळा बांधापलीकडेच असे. तो जळत होता, दुसरा शब्द नाही.

ज्यांच्या हाताखाली तो वेल बांधायला शिकला, त्या वृद्ध अण्णांकडे तो एके सकाळी गेला.

“अण्णा, उद्या नुकसानीच्या पाहणीला साहेब येणार हायत. आज माझ्याच चार सऱ्यांतल्या वेली बुडात कापल्या की उद्यापतुर त्या माना टाकतील. रोगानं गेल्या म्हणून सांगतो. त्या बाबगोंडानं काय पुण्य केलंय आणि मी काय पाप केलंय?”

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, “काप की. पण त्याला काय काय मिळालंय ते आधी बघून येऊ.”

बाबगोंडा बांधावरच बसला होता. त्याला नमस्कार करून अण्णा चपलांसकट सरळ रानात शिरले. तवनाप्पा दचकला. पानमळ्यात पायताण घालून जाणे म्हणजे देव्हाऱ्यात पायताणाने शिरणे. पोरांना हे शिकवीत अण्णांचा जन्म गेला होता.

“अण्णा, चपला!”

“का रे? हितं मळा कुठाय?”

तवनाप्पाने पाहिले. इतके दिवस त्याला पंपच दिसत होता. पंपामागे पानवेली चढवायला लावलेल्या शेवग्याच्या वाळलेल्या रांगा होत्या आणि त्यांवर एकही वेल नव्हती. याच बाबगोंडाने एकदा चपला काढल्या नाहीत म्हणून नव्या जावयाला बांधावरून परत पाठवले होते. आज तो हलला नाही.

“असू द्या, अण्णा. आता कशाला काढायच्या?” मग तवनाप्पाकडे न बघता तो म्हणाला, “खरं सांगू? ह्याचं हिरवं रान दिसलं की माझ्या पोटात तुटतंय. म्हणून मी पलीकडच्या वाटंनं येतोय.”

अण्णा तवनाप्पाकडे वळून म्हणाले, “पडलेल्याला उभं करणं हे राज्याचं कामच हाय. किती वर्सं द्यायचं, खऱ्या गरजवंताला पोचतंय का, हे गावाच्या सभेत उभं राहून विचार. तुझा हक्क हाय. पण ‘मला का न्हाई’ म्हणतोस, त्याचं उत्तर तुझ्याच रानात उभं हाय. ते बुडात कापून भरपाई मागणार व्हय? सरकार पंप देईल. वेल कुठनं देईल?”

तवनाप्पाचे जळणे लगेच थांबले असे नाही. पंप झकास होता, तो त्याला अजूनही हवाच होता. पण त्याने बांधावर चपला काढून ठेवल्या आणि त्या ओसाड रानात अनवाणी उतरला.

“लावायला वेलीचं बेणं माझ्याकडनं ने, बाबगोंडा,” तो म्हणाला. “आणि माझ्या मळ्यावरच्या वाटंनंच ये.”