हैबतीनं फोटोत ठेवलेलं दूध

वाघदऱ्याच्या दूध डेअरीवर हैबती नावाचा एक भोळा गडी व्हता. सांगितलं तेवढं करायचा, आन् सांगितलं तसंच करायचा. त्यात त्याचा दोष न्हाई. सांगणारे बी तसलेच व्हते.

डेअरीला दूध संघाकडनं नवा कॉम्प्युटर आला. चेअरमन बळवंतअण्णांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मंग कळलं, दुधाचं फॅट मोजायचं मशीन त्या नव्याला वळखतच न्हाई. त्याला जुनंच विंडोज लागतंय. आन् जुना कॉम्प्युटर अण्णांनी उत्साहाच्या भरात भंगारात घातलेला. संघाचा निरोप आला. साहेब बघायला येणार, काम नीट दिसलं न्हाई तर केंद्र बंद. म्हणजे सगळ्या गावानं रोज कॅन डोक्यावर घेऊन घाट उतरायचा.

तालुक्यावरनं भोईटे इंजिनीअर आला. त्यानं नव्या कॉम्प्युटरच्या आत एक सॉफ्टवेअर टाकलं आन् त्या सॉफ्टवेअरात जुनं विंडोज चालू केलं. डब्यात डबा. आतल्याला पत्ताच न्हाई की आपण दुसऱ्याच्या पोटात हाय. फॅटचं मशीन त्या आतल्याशी बोलायला लागलं. अण्णांनी मान हलवली. काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

जाताना भोईटे म्हणाला, "हैबतराव, एक लक्षात ठेवा. बाहेरचं बंद करायच्या आधी आतलं बंद करायचं."

हैबतीनं ते घोकलं. दुपारी डेअरी बंद करायची वेळ झाली. आतल्या खोलीत अण्णा पेंडीच्या पोत्यांवर आडवे झालेले. हैबतीनं आधी आतल्या खोलीला कडी घातली, मंग बाहेरचं शटर वढलं, कुलूप लावलं आन् घरी जाऊन भाकरी खाल्ली. कॉम्प्युटर तसाच चालू. सांजच्या दुधाला शटर उघडलं तवा वरडून वरडून अण्णांचा घसा बसलेला.

"लेका, आत कोण असलं तर हाक मारावी," अण्णा म्हणले. "ओ मिळाल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई."

हैबतीनं ते बी घोकलं. सकाळी दुधाची रांग लागली. हैबती कॉम्प्युटरपुढं बसला आन् आतल्याला हाक मारली. ओ आली न्हाई. परत मारली. न्हाई आली. हात मांडीखाली घेऊन बसून ऱ्हायला.

पारूआत्यानं कॅन खाली ठेवला. "कुणाला रं हाका मारतोयस?"

"आतल्याला."

"कोण हाय आत?"

"जुना हाय. ओ देईना."

आत्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. आत पंखा घरघरत व्हता. "घोरतोय की रं," आत्या म्हणली. मंग रांगेतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं कान लावून बघितलं आन् म्हातारा माणूस झोपलाय तर उठवू नये असं ठरलं. ऊन चढलं. निम्म्या गावाचं दूध नासलं.

भोईटेला परत बोलावलं. त्यानं डोक्याला हात लावला, पण माणूस सोशिक. हैबतीला जवळ बसवून म्हणाला की आता मी आतल्याचा फोटो, म्हणजे आत्ता आहे तशी नक्कल, कॉम्प्युटरातच घेऊन ठेवलाय. "घाबरायचं नाही. आधी फोटो घेतलेला असला की आत काहीही बिघडू दे. फोटोवर मागं गेलं की होतं तसं."

हैबतीला हे लई म्हणजे लईच पटलं. असली सोय देवानं बी केली नव्हती.

साहेब यायच्या दिवशी अण्णांनी हुकूम सोडला. साहेब येण्याआधी दूध गार ठेवायची टाकी आतनं लख्ख धुऊन ठेव. अण्णांना वाटलं, टँकर दूध घेऊन गेला असणार. टँकर त्या दिवशी घाटात पंक्चर झालेला. टाकी काठोकाठ भरलेली.

हैबती झाकण उघडून जरा इचारात पडला. मंग खिशातनं मोबाईल काढला, दुधाचा एक फोटो घेतला, नीट आलाय का बघितला आन् खालचा कॉक सोडला. सगळ्या गावाचं दूध गटारीनं गेलं. कुत्री बी पिऊन पिऊन दमली. मंग त्यानं सोडा टाकून टाकी अशी घासली की तोंड दिसावं.

साहेब आले. झाकण उघडून आत वाकले. त्यांना त्यांचंच तोंड दिसलं.

"दूध कुठाय?"

"हाय की साहेब. फोटोत हाय. जरा मागं सरा." हैबतीनं मोबाईल टाकीत सोडला, झाकण लावलं आन् टाकी गार करायचं बटण दाबलं. टाकी गुरगुरायला लागली. दूध घालायला रांगेत उभ्या बायांनी हात जोडले. अण्णा बी झाकणाला कान लावून बघायला लागले, वर येतंय का काय.

साहेबांनी खिशाचं पेन काढलं आन् सगळ्यांसमोर म्हणले, "हे केंद्र आजपासून बंद."

अण्णा मटकन खाली बसले. पारूआत्यानं डोळ्याला पदर लावला. हैबतीच्या तोंडावर मात्र कसली चिंता न्हाई. त्यानं अण्णांच्या पाठीवरनं हात फिरवला.

"करू द्या की अण्णा त्यास्नी बंद. केंद्राचा बी सकाळीच फोटो काढलाय मी. तेवढा टाकीतनं मोबाईल निघू द्या."