आठव्या दगडावरचा शेजारी

विहिरींवर रहाट कुरकुरत होते त्या काळी आमच्या विहिरीभोवती चौकोनी दगडांची फरसबंदी होती. दर दगडावर शेवाळाचा एकेक पुंजका राहायचा. सातव्या दगडावरचा मी, आणि माझी ऐट काही विचारू नका.

पाण्याला येणाऱ्या बायका पाय घसरू नये म्हणून घागर टेकायची जागा आधी करवंटीने खरवडून घ्यायच्या. समोर येईल तो दगड. आज हा पुंजका साफ, उद्या तो. मी मात्र सात पिढ्या टिकून आहे, असं मला वाटायचं. "टिकायला अंगात धमक लागते," असं मी सगळ्यांना ऐकवायचो. आठव्या दगडावरचा शेजारी जरा इकडे सरकला की मी दरडावायचो, "ए भिकारड्या, हद्दीत राहा!"

एकदा म्हातारी गोगलगाय माझ्यावरून जाताना थांबून हसायला लागली.

"काय झालं, आजी?"

"अरे, तुझ्या आधी सातव्यावर होता त्याला गेल्या संक्रांतीला द्वारकाबाईने खरवडून काढलं. दगड ठणठणीत कोरडा पडला होता. मग आठव्यावरून एक कण उडून इथे पडला. तो तू."

मी शरमेने आणखीच हिरवा झालो. शेजाऱ्याची माफी मागायला वळलो, तोच द्वारकाबाईची करवंटी आठव्या दगडावर फिरली.

तेव्हापासून तो दगड कोरडाच आहे. मी रोज तिकडे अंग ताणून बघतो. माझा एखादा कण तिथे रुजला, तर तो मोठा होऊन मला नक्की भिकारडा म्हणेल.

म्हणू दे बापडा. मी त्याचीच वाट बघतोय.