शपथ मोडायचा घाट

या मंडळी, या. पायऱ्या निसरड्या आहेत, भिंतीला हात लावत उतरा. बागूल काका, तुम्ही तिथेच वरच्या कठड्यावर बसलात तरी चालेल, मी मोठ्याने बोलते.

आता समोरच्या जुन्या भिंतीकडे बघा. दगडात एक लोखंडी कडं बसवलेलं दिसतंय ना? मनगटाएवढं जाड आहे, आणि आतल्या बाजूने दोराने घासून घासून त्याला खाच पडलीय. त्याच्या चारी बाजूंचे दगड गंजाने तांबूस झालेत, पण कडं मात्र चकचकीत आहे, कालच कुणीतरी तेल लावून पुसल्यासारखं. खरोखरच काल पुसलंय. सकाळपासून तुम्ही कोलोसियम पाहिलं, फोरमचे पडके खांब पाहिले, पँथिऑनच्या घुमटाखाली उभे राहून फोटो काढलेत. तिथली प्रत्येक वीट कुठल्या सम्राटाची ते फलकावर लिहिलेलं होतं. या कड्याजवळ फलक नाही. याची हकिकत पुस्तकात सापडायची नाही, ती इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडूनच ऐकायची. मी मूळची वाईची असले तरी निम्म्याहून जास्त आयुष्य याच गल्लीत काढलंय, तेव्हा मी सांगितली तरी चालण्यासारखी आहे.

तर असं सांगतात, की फार पूर्वी या रोम शहराला शत्रूने वेढा घातला आणि डोंगरातून पाणी आणणारे उंच कालवे फोडून टाकले. कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्या बंद पडल्या. धान्य होतं, पण दळायचं कुठे? तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की पाणी चक्कीपर्यंत येत नसेल तर चक्कीच पाण्यावर न्यावी. दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या, मधे मोठं लाकडी चाक बसवलं, वर छपराची खोली केली आणि सगळं दोरांनी काठाला बांधून या टायबर नदीच्या धारेत सोडलं. नदी वाहायची, चाक फिरायचं, पीठ पडायचं. वेढा उठला, पण त्या तरत्या चक्क्या राहिल्या त्या पुढे शेकडो वर्षं.

आपली गोष्ट त्यानंतर बऱ्याच काळाने घडलेली. या घाटाला तेओदोरा नावाच्या बाईची चक्की होती. वडिलांची एकुलती मुलगी, लवकर विधवा झालेली, दंड पुरुषासारखे आणि केस कायम पिठाने पांढरे. पलीकडच्या काठाला, म्हणजे नदीच्या त्या बाजूला जी ट्रास्तेवेरे वस्ती दिसते तिथे, चेंचो नावाच्या माणसाची चक्की होती. त्याच्याबरोबर त्याची म्हातारी आई, बोना. दळायचा चेंचो आणि हुकूम चालायचा बोनाचा.

दोन्ही काठांचं मुळातच पटत नसे. अलीकडचे म्हणायचे, खरं रोम आमचं, देवळं आमच्याकडे, राजवाडे आमच्याकडे. पलीकडचे म्हणायचे, खरे रोमन आम्ही, तुम्ही नुसते दगडांचे राखणदार. इकडचा माणूस तिकडचं पीठ घेत नसे, मग पाव बेचव झाला तरी चालेल. आणि या सगळ्या भांडणाचं टोक म्हणजे नदीच्या मधोमध असलेली जोरकस धार. ती धार ज्याच्या चाकाला मिळेल त्याची चक्की दुप्पट दळायची. तेओदोराच्या वडिलांनी ती धरून ठेवली होती. ते गेले त्याच वर्षी चेंचोने आपली चक्की वरच्या अंगाला नेऊन बांधली. धार आधी त्याच्या चाकावर पडू लागली आणि तेओदोराचं चाक कुरकुरत, रखडत फिरू लागलं.

मग काय, रोजची जुंपली. ही इथून ओरडायची, तो तिथून. मधेच बोना खिडकीतून डोकं काढून असं काही बोलायची, की काठावरची धुणं धुणारी माणसं धुणं सोडून ऐकत बसायची. एकदा तर चेंचोने वरून मुद्दाम कोंडा सोडला, तो वाहत येऊन तेओदोराच्या चाकात अडकला. त्या रविवारी ती तशीच पिठाच्या कपड्यांनी देवळात गेली. प्रार्थना संपली, माणसं उठायच्या बेतात होती. तिने वेदीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवाशप्पथ सांगते, पलीकडच्या माणसाला माझा दोर कधी देणार नाही. तो बुडत असला तरी नाही!"

नदीवर जगणाऱ्यांत याहून कडक शपथ नव्हती. दोर नाकारणं म्हणजे जीव नाकारणं. म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी, त्यांचं नाव फादर लांदो, तिच्याकडे पाहिलं आणि मेणबत्त्या विझवायला घेतल्या. तिकडे चेंचोला बातमी लागायला वेळ लागला नाही. तो हसला म्हणे. "तिचा दोर मागतोय कोण?"

पुढच्या शरदात पाऊस लागला तो थांबेचना. तुम्ही नाशिकची माणसं, तुम्हाला पूर काय ते सांगायला नको. तुम्ही दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघता, इथे माणसं घाटाच्या पायऱ्या बघत होती. एका सकाळी बघता बघता पायऱ्या दिसेनाशा झाल्या. गढूळ पाण्यातून झाडं, कुंपणं, मेलेली जनावरं वाहत येत होती. थोडं खाली तो पूल आहे ना, त्याच्या खांबांवर पाणी आपटून गर्जना करत होतं. अंगात बळ असलेली इकडची बहुतेक माणसं शहराच्या तटभिंतीची पडझड झाली तिकडे धावली होती. घाटावर म्हातारी माणसं, बायका आणि फादर लांदो एवढेच उरले होते.

तेओदोराची चक्की दोन दोरांनी बांधलेली होती. मोठा जाड दोर या कड्यात, दुसरा बारीक दोर खालच्या खुंटाला. धान्याची पोती तिने काठावर उतरवली होती आणि शेवटचं पोतं घ्यायला ती पुन्हा चक्कीवर गेली होती. तेवढ्यात वरून लाकूड फुटल्यासारखा मोठा आवाज झाला. चेंचोच्या चक्कीचे दोर तुटले होते. चेंचो नवा दोर आणायला काठावर गेला होता, आणि चक्कीवर एकटी बोना होती. ती आख्खी चक्की गिरक्या घेत मधल्या धारेतून खाली येऊ लागली, सरळ पुलाच्या खांबाच्या रोखाने.

चक्की अगदी जवळून जाणार हे तेओदोराला दिसलं. काठावरच्यांनाही दिसलं. पण तिला दोर टाक म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण शपथ सगळ्यांनी ऐकली होती. तेओदोरा क्षणभर नुसती उभी राहिली. त्या क्षणात तिच्या मनात काय आलं ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. दिसलं ते एवढंच, की ती खाली वाकली, आपल्या चक्कीला बांधलेल्या जाड दोराची गाठ तिने सोडली आणि ते टोक डोक्यावरून गरगरा फिरवून समोरच्या चक्कीवर भिरकावलं.

दोर बोनाच्या पायाशी पडला. म्हातारी खांबाला मिठी मारून बसली होती. दोर बघून ती ओरडली, "तू तर शपथ घेतलीस ना गं? मग दोर कशाला टाकतेस?"

"आजी, भांडण मागाहून करू! आधी गाठ मारा!"

"बोटं गारठलीत माझी! गाठ काय कपाळाने मारू?"

मग तेओदोराने उडी मारली. दोन चक्क्यांमधे खवळलेलं पाणी, आणि अंगावर भिजून जड झालेले कपडे. कशीबशी ती पलीकडे पडली, दोर धरला आणि मधल्या खांबाला तीन वेढे देऊन आवळला. दोर ताणला गेला, कडं करकरलं, आणि चेंचोची चक्की झटक्यासरशी थांबली. त्याच वेळी तेओदोराची चक्की एकाच बारीक दोरावर राहिली होती. तो दोर फटकन तुटला. वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली ती चक्की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुलाच्या खांबावर आदळली आणि तिच्या फळ्या फळ्या झाल्या.

चेंचो तेव्हा पुलाच्या मधोमध होता. आईला हाका मारत पलीकडून धावत आलेला, आणि त्याच्यामागे ट्रास्तेवेरेतली पाचपन्नास माणसं. पूल त्यांच्या पायांखाली हादरला. त्याने ते सगळं पाहिलं, फुटलेली चक्की कुणाची आणि वाचलेली कुणाची तेही.

इकडे घाटावरची म्हातारी माणसं दोराला लटकली होती, पण पाण्याच्या ओढीपुढे त्यांचं काय चालणार? दोराचे पीळ एकेक करून तुटत होते. फादर लांदो झगा कमरेला खोचून सगळ्यांच्या पुढे उभे होते आणि त्यांच्या टाचा चिखलात घसरत होत्या. इतक्यात चेंचो आला आणि त्यांच्या शेजारी दोर धरून उभा राहिला. त्याच्यामागे पलीकडचे लोहार, कोळी, चांभार. तोवर तटाकडची माणसंही परत आली. जी जन्मात एकमेकांशी नीट बोलली नव्हती, ती माणसं खांद्याला खांदा लावून एकाच दोराला भिडली. "ओढा! सोडू नका! ओढा!" असा एकच ओरडा झाला. कोण अलीकडचा, कोण पलीकडचा ते चिखलात कळेनासं झालं, आणि हळूहळू, हातभर हातभर, ती चक्की काठाला आली.

आधी बोना उतरली. ती भिजून चिंब झाली होती आणि तिच्या एका पायात बूट नव्हता. मुलाने तिला मिठी मारली तर ती म्हणाली, "बाजूला हो रे. त्या पोरीला आधी काहीतरी कोरडं पांघरायला दे. आणि धार तिच्या बापाची होती, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं." तिने असं कधीच सांगितलं नव्हतं, पण त्या वेळी कोण बोलणार?

चेंचो तेओदोरासमोर उभा राहिला. म्हणाला, "आज वाचलेली चक्की निम्मी तुझी. नाही म्हणालीस तर मी ती इथेच फोडून टाकीन."

पण तेओदोराचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पायरीवर बसून ढसाढसा रडत होती. बायकांना वाटलं, चक्की गेली म्हणून रडतेय. ती म्हणाली, "चक्कीचं काही नाही हो. मी देवाच्या वेदीवर हात ठेवून बोलले होते, तो शब्द मोडला मी. आता काय होईल माझं?"

सगळे फादर लांदोंकडे बघू लागले. ते अजून दोराला टेकून धापा टाकत होते. त्यांनी गंभीर चेहरा केला. "शपथ मोडलीस हे खरं," ते म्हणाले. "देवासमोरची शपथ मोडणं ही साधी गोष्ट नाही. प्रायश्चित्त घ्यावंच लागेल."

"सांगा बाबा. सांगाल ते करीन."

"दरवर्षी याच दिवशी याच घाटावर यायचं," फादर म्हणाले, "हीच शपथ मोठ्याने घ्यायची, आणि सगळ्यांसमोर पुन्हा मोडायची. तू असेपर्यंत. आणि मला वाटतं, तुझ्या एकटीच्याने हे निभायचं नाही. या बाकीच्यांनीही मनात अशा बऱ्याच शपथा घेतल्या आहेत."

आधी बोना हसली म्हणे, मग सगळा घाट हसला. तेओदोरासुद्धा रडता रडता हसली.

ती एक चक्की पुढे दोघांनी मिळून मधल्या धारेत चालवली. त्यांनी लग्न केलं का, असं तुम्ही विचारणार. अलीकडचे सांगतात, केलं, आणि तेओदोराने त्याला आयुष्यभर धाकात ठेवलं. पलीकडचे सांगतात, छे, केलं नाही, नुसतेच मरेपर्यंत भांडत राहिले. खरं काय ते नदीला माहीत. मात्र दोन्ही काठांना पीठ एकाच चक्कीचं जाऊ लागलं, आणि पाव चांगला झाला यावर दोघांचंही एकमत आहे.

आता त्या चक्क्या नाहीत. पुराला आवर घालायला नदीला उंच भिंती बांधल्या, घाट गेले, त्यातला हा एवढाच तुकडा राहिला. पण आजही शरदात त्या दिवशी दोन्ही काठांची माणसं इथे जमतात. कड्यातून नवा दोर ओवतात आणि खाली पावांच्या टोपल्यांनी भरलेली होडी बांधतात. मग एकेकाने पुढे येऊन, ज्याच्याशी वर्षभरात बिनसलं असेल त्याचं नाव घेऊन, खड्या आवाजात म्हणायचं, "याला मी माझा दोर देणार नाही!" आणि लगेच दोराचं टोक त्याच्याच हातात द्यायचं. मग दोघांनी मिळून ओढायचं. भाऊ भावाचं नाव घेतो, भाडेकरू मालकाचं घेतो. गेल्या वर्षी इथल्या न्हाव्याने शेजारच्या न्हाव्याचं घेतलं.

इथल्या माणसाशी लग्न होऊन मी या गल्लीत आले, ते पहिलं वर्ष. घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. मी आमटीला फोडणी दिली की सासूबाई सगळ्या खिडक्या उघडायच्या. त्या दिवशी मी अशीच मागे, बघ्यांमधे उभी होते. सासूबाई काळा झगा सावरत पुढे गेल्या, आणि भर घाटावर त्यांनी माझं नाव घेतलं. आपल्या मराठी नावाचा असा चुथडा केला की बोलायची सोय नाही, पण नाव माझंच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या, दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घट्ट धर गं. आणि ती तुझी फोडणी, उद्या मला शिकव."

तुम्हाला दिवाळीच्या सुट्टीत नेमकं आजच इथे आणलं ते उगीच नाही. बघा, वरून माणसं यायला लागलीत, आणि तो दोरही आला. बागूल काका, उठा. बसून चालणार नाही, इथे पाहुण्यांनाही सूट नाही. आवाज चांगला मोठा लावा, मराठीत बोललात तरी त्यांना कळतं. हं, सांगा, कुणाचं नाव घेताय?