कुंभाराचं लग्न आणि रथांची शर्यत

रोममध्ये तेव्हा लग्न न करणाऱ्याला रथांच्या शर्यती पाहायला बंदी होती. चाळिशीतला एकटा कुंभार विबियस आत शिरताना सापडला, तेव्हा न्यायाधीश व्हेटियस भर गर्दीत त्याच्यावर खेकसले, "लाज नाही वाटत? लग्न का केलं नाहीस?"

"महाराज, एका विधवेशी जमलंय. मागणी घालायला मावशीला तीनदा पाठवलं. पण त्या बाईचा भाऊ नावगावही न विचारता मावशीला दारातूनच हाकलतो. बहीण गेली तर त्याचं घर कोण सांभाळणार?"

"मग खरा गुन्हेगार तोच! त्यालाही बंदी!" न्यायाधीश गरजले. गर्दीने टाळ्या पिटल्या.

विबियसने अदबीने बाहेरची वाट दाखवली. "चला तर महाराज. तुमची बहीण व्हेटिया मला देईपर्यंत शर्यत आपण दोघं भिंतीबाहेरूनच ऐकू."